आडात आहे, पण पोहऱ्यात येत नाही

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मोटारसायकलच्या टाकीवर लेख लिहावा, हे आमच्या गुरुजनांना थोडे चमत्कारिक वाटेल. वार्षिकांकासाठी लेख मागविण्यात आले तेव्हा माझ्या मित्रांनी संतसाहित्य, हुंडापद्धती, शेतकऱ्यांची दैना असे भारदस्त विषय निवडले. मी माझा विषय सांगताच वर्गात हशा पिकला. एकाने तर "मग ट्रॅक्टरवर खंडकाव्य लिही" असा सल्लाही दिला. पण मित्रहो, या विषयाने मला एका रात्री चांगलाच धडा शिकवला आहे. तो आपल्यापैकी कित्येकांच्या उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपले तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती रस्त्यावरचे गाव. या रस्त्याला पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत, आता क्रमांक ५३ म्हणतात. एका अंगाला कारंजा (घाडगे), दुसऱ्या अंगाला तिवसा. येथूनच एक वाट आर्वीकडे फुटते, दुसरी आष्टीकडे. महामार्गावर पेट्रोल पंप दिसतात. पण एकदा का आतल्या खेड्यांच्या रस्त्याला लागले की दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे, कपाशी आणि तूर. तिथे गाडी बंद पडली तर ढकलत नेण्यावाचून गत्यंतर नाही. आपल्या भागातले कितीतरी विद्यार्थी असल्या वाटांनी कॉलेजला येतात. गाडीही बहुधा घरातली एकुलती एक, जुनी आणि सर्वांच्या मालकीची.

सायकल स्टँडवर उभे राहून कान दिला तर एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "तुझी गाडी ॲव्हरेज किती देते?" कोणी पन्नास सांगतो, कोणी साठ, आणि ज्याला सांगायला कोणताच संकोच नाही तो ऐंशी सांगतो. पण टाकीत असलेल्या पेट्रोलपैकी इंजिनापर्यंत किती पोचते, हा प्रश्न मात्र कोणीच विचारीत नाही. मीही विचारीत नव्हतो.

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. आजीला दम्याचा त्रास आहे. तिचे ओढायचे औषध नेमके त्याच दिवशी संपले. बाबा शेतातून थकून आले होते, म्हणून मी गाडी काढली, आर्वीला जाऊन औषध घेतले आणि परत फिरलो. पाऊस नुकताच उघडला होता. अर्धी वाट सरली असेल-नसेल तोच गाडी दोनदा खोकली, एक आचका दिला आणि बंद पडली. सवयीप्रमाणे हात पेट्रोलच्या कॉकाकडे गेला. पाहतो तर कॉक आधीच रिझर्व्हवर! दोन दिवसांपूर्वी गाडी रिझर्व्हला लागली तेव्हा तो मीच फिरविला होता. नंतर पन्नास रुपयांचे पेट्रोल टाकले आणि कॉक परत फिरवायचे विसरून गेलो. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता, माझाच होता. खिशात आजीचे औषध, पुढे काळोख आणि हातात न चालणारी गाडी. त्या वेळची माझी मनःस्थिती येथे वर्णन करीत नाही.

ढकलत काही अंतर गेल्यावर मागून एक दूधवाले काका आले. रिकाम्या कॅनांचा खडखडाट थांबवून त्यांनी विचारले, "काहून थांबला बे पोट्ट्या?"

"पेट्रोल संपलं काका."

त्यांनी माझी गाडी दोन्ही हातांनी हलविली, टाकीला कान लावला आणि म्हणाले, "संपलं कुठी? हाये ना अंदर. थे तिकडच्या पोटात बसून हाये, इकडं येऊन नाही रायलं."

मग त्यांनी आधी हातातली बिडी दूर जाऊन पायाखाली विझविली. कॉक बंद केला, टाकीचे झाकण घट्ट आहे ना ते पाहिले, आणि गाडी डाव्या अंगाला इतकी कलती केली की हँडल जवळजवळ जमिनीला टेकले. सावकाश दहा अंक मोजून गाडी सरळ केली, कॉक उघडला. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली! त्या ओंजळभर पेट्रोलवर मी घरी पोचलो. आजीला औषध मिळाले.

त्या रात्री मला प्रथमच कळले की टाकीला पोट एक नसून दोन असतात.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे जाऊन मी खोलून ठेवलेली एक टाकी उलटी करून पाहिली. मोटारसायकलच्या सांगाड्याची मुख्य नळी टाकीच्या खालून जाते. घोड्याच्या पाठीवर खोगीर टाकावे तशी टाकी त्या नळीवर बसविलेली असते, त्यामुळे तिच्या तळाला मधोमध एक उंचवटा येतो आणि खाली डावे-उजवे असे दोन कप्पे तयार होतात. अगदी पूर्वीच्या मोटारसायकलींना सांगाड्याच्या दोन नळ्यांमध्ये बसणारी चपटी टाकी असे. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस खोगिरासारखी टाकी रूढ झाली आणि तीच आजवर चालत आली. पेट्रोल उंचवट्याच्या वर असेपर्यंत दोन्ही पोटांचे पाणी, म्हणजे पेट्रोल, एकच असते. पातळी उंचवट्याखाली गेली की दोन वेगळी डबकी होतात. कॉक असतो एकाच बाजूला, बहुतेक गाड्यांत डाव्या. मग डावे पोट रिकामे होते आणि उजवे पोट भरलेले राहून स्वस्थ बसते. काही जुन्या विलायती गाड्यांना यासाठी दोन कॉक असत किंवा दोन्ही पोटे जोडणारी नळी असे. आपल्या साध्या गाड्यांना ती चैन नाही.

आपल्याकडे म्हण आहे, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माझ्या बाबतीत उलटे झाले होते. आडात होते, पण पोहऱ्यात येत नव्हते.

आता 'रिझर्व्ह' या शब्दाकडे वळू. पुष्कळांची समजूत अशी की रिझर्व्हची एक छोटी टाकी वेगळी असते. तसे काही नसते. टाकी तीच, पेट्रोलही तेच. कॉकाच्या आतून एक उभी नळी टाकीत वर गेलेली असते. कॉक 'ऑन'वर असला की पेट्रोल या नळीच्या वरच्या तोंडातून खाली येते. पातळी त्या तोंडाच्या खाली गेली की पुरवठा थांबतो आणि गाडी खोकते. कॉक रिझर्व्हवर फिरविला की तळाजवळचे दुसरे भोक उघडते आणि नळीच्या उंचीइतके राहिलेले पेट्रोल मिळू लागते. म्हणजे रिझर्व्ह ही कंपनीने दिलेली बक्षिसी नव्हे, ती आपल्याच पेट्रोलातून आपल्यासाठी बाजूला काढून ठेवलेली पायली आहे.

उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत धरणांचे आकडे येतात. आपल्या शेजारच्या ऊर्ध्व वर्धा धरणाचेही येतात. त्यांत 'उपयुक्त साठा' आणि 'मृत साठा' असे दोन शब्द असतात. धरणाच्या दारापेक्षा खाली राहिलेले पाणी ते मृत. ते डोळ्यांना दिसते, पण कालव्यात उतरत नाही. तिथे नदीने आणलेला गाळ बसतो. टाकीचेही हुबेहूब तसेच आहे. कॉकाच्या भोकाच्याही खाली चार चमचे पेट्रोल, गंज, धूळ आणि पाण्याचे थेंब बसलेले असतात. टाकीवर लिहिलेले लिटर आणि आपल्याला मिळणारे लिटर यांत म्हणूनच फरक पडतो. गाडी किती लांब जाईल याचा हिशेब टाकीच्या आकारावर नव्हे, उपयुक्त साठ्यावर करावयाचा असतो.

हा उपयुक्त साठा वाढविता येईल काय? माझ्या मते येईल, आणि त्यासाठी नवी टाकी बसविण्याची गरज नाही. ज्या गोष्टी मी स्वतः करून पाहिल्या किंवा मिस्त्रींकडून समजून घेतल्या, तेवढ्याच येथे सांगतो.

सर्वांत सोपी गोष्ट झाकणाची. टाकीच्या झाकणात हवेसाठी बारीक छिद्र असते. पेट्रोल खाली गेले की तेवढीच हवा आत यावी लागते. ते छिद्र धुळीने किंवा चिखलाने बुजले तर टाकीत पोकळी निर्माण होते आणि पेट्रोल असूनही कॉकातून उतरत नाही. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल कसे अडखळते, ते आपण घरी पाहतोच. गाडी वारंवार बंद पडते आणि झाकण उघडून लावले की पुन्हा चालते, असे होत असेल तर रोग येथे आहे. मिस्त्रीने कार्बोरेटर खोलण्यापूर्वी हे छिद्र पाहावे.

त्यानंतर गाळणी. कॉकाला जाळी असते, कित्येक कॉकांना खाली छोटी वाटीही असते. तिथे गाळ साचला की रिझर्व्हचे पेट्रोल आधी अडते, कारण ते तळातूनच येते. वर्षानुवर्षे कॉक न फिरविणाऱ्याला नेमके अडचणीच्या वेळी रिझर्व्ह मिळत नाही, याचे कारण हेच. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, ही जाळी साफ करून घ्यावी. त्याचबरोबर गाडी रात्रभर उभी करताना कॉक बंद करावा. कार्बोरेटरची सुई झिजली असेल तर थेंब-थेंब गळून सकाळपर्यंत बरेच पेट्रोल वाया जाते. थेंबे थेंबे तळे साचते, तसे थेंबे थेंबे ते आटतेही.

पाण्याचा प्रश्न आता पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचा झाला आहे. आपल्या देशात २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. इथेनॉल पाण्याला जवळ करते. टाकीत जास्त पाणी शिरले तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून अलग होतात आणि तळाला बसतात. म्हणजे रिझर्व्हच्या भोकाच्या तोंडाशीच. तेव्हा झाकणाचे रबर फाटले असेल तर ते बदलावे, पावसात गाडी उघडी ठेवू नये, आणि महिनोन्महिने जुने पेट्रोल टाकीत पडू देऊ नये. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, या मिश्रणासाठी न बनविलेल्या दुचाकींच्या ॲव्हरेजमध्ये ३ ते ४ टक्के घट होईल असे म्हटले होते. एका टाकीत ६०० किलोमीटर जाणाऱ्या गाडीला १८ ते २४ किलोमीटरची तूट. आपल्या आतल्या रस्त्यांवर एवढे अंतर म्हणजे घर आणि काळोख यांतला फरक होय.

टाकी भरताना गाडी सरळ उभी असावी. साइड स्टँडवर कललेल्या गाडीत वरच्या बाजूच्या पोटात हवा अडकते आणि टाकी भरल्याचा भास होतो. पण म्हणून गळ्यापर्यंत काठोकाठ भरणेही शहाणपणाचे नाही. पेट्रोल तापले की फुगते, दर अंशाला साधारण हजारात एक भाग. आपल्या वर्धा जिल्ह्याचा मे महिना कोणाला सांगायला नको. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतले पेट्रोल ३० अंशांचे धरले आणि उन्हात उभ्या गाडीची टाकी ५५ अंशांना गेली, तर १० लिटरमागे पाव लिटर पेट्रोल वाढते. त्याला जागा नसेल तर ते झाकणातून बाहेर येते, तापलेल्या इंजिनाच्या दिशेने. तेव्हा पुस्तिकेत सांगितलेल्या खुणेपर्यंतच भरावे. याच जमिनीखालच्या टाकीमुळे 'पहाटे पेट्रोल भरले की जास्त मिळते' ही समजूतही फारशी खरी नाही. तिथले तपमान दिवसात विशेष बदलत नाही.

आणि शेवटी वेग. पेट्रोल संपत आले की आपण काय करतो? संपायच्या आत पोचावे म्हणून गाडी जोरात पळवतो! हा विनोद नाही, मी स्वतः असे केले आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५० च्या ऐवजी ७० ने गेलो तर तो जवळजवळ दुप्पट होतो. १९७३ च्या तेलसंकटाने जगाची झोप उडविली, पुढे १९७८ साली आपल्याकडे पेट्रोलियम संरक्षण अनुसंधान संघ स्थापन झाला, आणि ताशी ४५ ते ५५ किलोमीटरने गाडी चालवा हा त्याचा सल्ला पंपांवरच्या फलकांतून घरोघरी गेला. तो सल्ला जुना झाला, खोटा ठरला नाही. टायरमध्ये हवा बरोबर असावी, हेही त्यातच आले. मात्र सत्याग्रही घाटासारख्या उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून देणारे जे महाभाग आहेत, त्यांना माझा नमस्कार. इंजिनाचा रोध गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, आणि मागून ट्रक येत असतात. पावशेर पेट्रोलसाठी जीव पणाला लावणे यात काटकसर नाही.

बाटलीत पेट्रोल घेऊन फिरणे हाही उपाय नव्हे. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट घेऊ शकते, मग आपल्या उन्हाळ्यात पाण्याच्या पातळ बाटलीत ते दप्तरात ठेवणे म्हणजे काय, याचा विचार करावा. आणखी एक अघोरी उपाय ऐकला : कॉकातली उंच नळी कापून टाकणे. त्याने 'ऑन'वर गाडी जास्त चालते हे खरे, पण ती चालते रिझर्व्हच्या पेट्रोलवर! पुढच्या खिशातली नोट मागच्या खिशात ठेवून श्रीमंत झाल्याचा आनंद मानावा, त्यातलाच हा प्रकार. उलट गाडी खोकून सावध करते तीही सोय जाते.

येथपर्यंत यंत्राची बाजू झाली. पण माझे खरे म्हणणे यापुढे आहे. त्या रात्री माझी गाडी दोन पोटांमुळे बंद पडली हे अर्धसत्य आहे. ती बंद पडली, कारण मी रिझर्व्ह हे नेहमीचे पेट्रोल समजून वापरीत होतो.

आपल्यापैकी बहुतेकांच्या गाडीचा कॉक वर्षभर रिझर्व्हवरच असतो. कारण उघड आहे. २०२१ साली महाराष्ट्रात पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली. शंभरच्या भावाने पन्नास रुपयांत अर्धा लिटर येते. सकाळी पन्नासचे टाकायचे, संध्याकाळी संपवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा पन्नासचे. टाकीची पातळी त्या उंच नळीच्या तोंडापर्यंत कधी चढतच नाही. मी माझा विचार एका मित्राला सांगितला तेव्हा तो चिडून म्हणाला, "हे शहाणपण फुल टँक करणाऱ्यांना सांग. आमच्या खिशात पन्नासच असतात."

त्याचे म्हणणे मला काही दिवस निरुत्तर करून गेले. मग कागदावर हिशेब मांडला आणि एक साधी गोष्ट लक्षात आली. रिझर्व्हचा खर्च एकदाच येतो. आज आपली पातळी शून्य आणि अर्धा लिटर यांच्यामध्ये खाली-वर होते. एकदाच, एखाद्या महिन्यात, लिटर-दीड लिटर जास्तीचे टाकून कॉक 'ऑन'वर फिरविला, की तीच पातळी त्या नळीच्या तोंडाच्या वर खाली-वर होऊ लागेल. रोजचा खर्च तोच पन्नास रुपये. एक पैसाही वाढत नाही. तळातले ते लिटर-दीड लिटर खर्च झालेले नसते, ते आपलेच असते. फक्त ते हात न लावता ठेवावयाचे असते. आमच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारले तेव्हा ते हसून म्हणाले, "यालाच राखीव निधी म्हणतात. तुझ्या आईला हे माझ्याआधी कळले असेल." खरेच आहे. कणगीच्या तळाची ज्वारी आई कधी सहजासहजी काढीत नाही. जी काढावी लागली, ती नवे पीक येताच आधी भरून ठेवते.

तेव्हा नियम एवढाच : गाडी रिझर्व्हला लागली की पहिल्या पंपावर आधी तेवढे भरायचे आणि लगेच कॉक 'ऑन'वर आणायचा. पेट्रोल भरणे आणि कॉक फिरवणे ही दोन कामे नव्हेत, एकच काम आहे.

विमानांच्या जगात हा नियम सक्तीचा आहे. तिथे इंधनाचे 'वापरता येणारे' आणि 'वापरता न येणारे' असे भाग हिशेबात वेगळे मांडतात, आणि जेट विमानाने उतरताना निदान तीस मिनिटांचे अंतिम राखीव इंधन शिल्लक ठेवावे असा दंडक आहे. हिशेब चुकला तर काय होते याचे प्रसिद्ध उदाहरण कॅनडातले. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक बोइंग ७६७ विमान ४१,००० फुटांवर असताना त्याचे इंधन संपले. इंधनाचे काटे बंद होते, म्हणून कर्मचाऱ्यांनी हाताने हिशेब केला. त्यात किलोग्रॅमच्या जागी पौंडाचा गुणक वापरला गेला आणि लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी इंधन भरले गेले. वैमानिकांनी ते विमान इंजिनांशिवाय तरंगत आणून गिमली येथल्या जुन्या धावपट्टीवर उतरविले. सुदैवाने सर्वजण बचावले. एवढ्या मोठ्या यंत्रालाही शेवटी एकच प्रश्न भोवला : टाकीत नक्की किती आहे, हे ठाऊक नसणे.

आपल्याला ते ठाऊक करून घेणे अवघड नाही. एकदा खुणेपर्यंत टाकी भरावी आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. गाडी रिझर्व्हला लागेल तेव्हा पुन्हा आकडा पाहावा आणि पंपावर किती बसले ते लिहावे. समजा पुस्तिकेत टाकी ९ लिटरची लिहिली आहे आणि भरताना ७½ लिटर बसले, तर रिझर्व्ह आणि मृत साठा मिळून १½ लिटर झाले. ४१० किलोमीटर झाले असतील तर ॲव्हरेज ५५ च्या आसपास. हे दोन आकडे कळले की सायकल स्टँडवरच्या ऐंशीच्या गप्पांची गरज राहत नाही.

नव्या गाड्यांबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. १ एप्रिल २०२० पासून नव्या प्रदूषण नियमांप्रमाणे ज्या गाड्या आल्या, त्यांपैकी बहुतेकांत कार्बोरेटर नाही. टाकीच्या तळाशी विजेवर चालणारा पंप असतो आणि कॉक नसतो. म्हणजे 'ऑन' नाही, रिझर्व्हही नाही. फक्त काट्याच्या जागी रेघा आणि एक लुकलुकणारा दिवा. गाडी आता खोकून विचारीत नाही. शिवाय त्या पंपाला थंड ठेवण्याचे काम पेट्रोलच करते, त्यामुळे टाकी वारंवार कोरडी करणाऱ्याचा पंप लवकर जातो. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली तेव्हा 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' ही तिची जाहिरात गाजली : भरा, झाकण लावा, विसरून जा. गाडी खरेच चांगली होती आणि थोड्या पेट्रोलवर लांब जायची. पण त्या ओळीतले 'विसरून जा' आपण जरा जास्तच मनावर घेतले, असे मला वाटते. कॉक नसलेल्या गाडीवर तर रिझर्व्ह आपल्या डोक्यातच ठेवावा लागतो. शेवटची रेघ म्हणजे शून्य, असे मानून चालावे.

शेवटचा मुद्दा घरातला आहे. घरात गाडी एक आणि चालवणारे तीन-चार. बाबा सकाळी शेतात, दादा दुपारी बाजारात, संध्याकाळी ताई शिकवणीला. जो गाडी रिझर्व्हवर आणून उभी करतो आणि काही न बोलता चावी खिळ्याला अडकवतो, तो स्वतः अडकत नाही, अडकतो त्याच्यानंतरचा. बहुधा घरातल्या मुलीच अडकतात. आपण त्यांना गिअर दाखवतो, ब्रेक दाखवतो, कॉक मात्र दाखवीत नाही. चावी देताना "रिझर्व्हला लागली आहे बरं" एवढे चार शब्द बोलायला काय हरकत आहे?

आमच्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेला माझी नम्र सूचना आहे. गावातल्या एखाद्या जाणत्या मिस्त्रींना बोलावून सायकल स्टँडवर एक तासाचे प्रात्यक्षिक ठेवावे. एक टाकी उलटी करून तिची दोन पोटे दाखवावी, कॉकाची नळी, झाकणाचे छिद्र आणि गाळणी दाखवावी, गाडी कशी कलती करायची ते करून दाखवावे. मुलींना पुढे बसवावे. याला अनुदान लागत नाही की सभागृहही लागत नाही.

गुरुजनांना हा विषय वाङ्मयीन वाटणार नाही, याची मला कल्पना आहे. त्या दूधवाल्या काकांचे नावही मला ठाऊक नाही. त्यांच्या उपकाराची फेड म्हणून निदान त्यांनी शिकविलेले चारचौघांत सांगावे, एवढाच हेतू. मित्रहो, आज घरी निघताना गाडीला किक मारण्यापूर्वी एकदा खाली वाकून कॉक कुठे आहे ते पाहा. तो रिझर्व्हवर असेल, तर पहिल्या पंपावर तेवढे भरून आजच तो फिरवा.